एकोणतीस मेणबत्त्या

सिस्टर लाकूड चाखून बघायच्या. मी त्यांच्याकडे राहायला गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी दात घासायला बाथरूममध्ये गेले, तर त्या निळ्या पिंपातून एक वाकडंतिकडं राखाडी लाकूड अर्धं बाहेर ओढून त्याला जिभेचं टोक लावत होत्या. मी दारातच थांबले. त्यांनी क्षणभर डोळे मिटले, जीभ टाळ्याला लावली आणि लाकूड परत पाण्यात ढकललं.

"अजून खारट आसा," त्या म्हणाल्या. "तू ये. पिंप आड येणार नाही तुझ्या."

पिंप आड यायचंच. त्या घरात मी तीन वर्षं राहिले आणि तिन्ही वर्षं कुठल्या ना कुठल्या लाकडाच्या सोबतीनं अंघोळ केली.

मी सांगलीकडची. अंधेरीला एका औषध कंपनीच्या ऑफिसात नोकरी लागली तेव्हा ऑफिसातल्याच एका बाईंनी बोरिवलीची ही खोली सुचवली. मालकीणबाई जरा वेगळ्या आहेत, पण घर स्वच्छ आहे, एवढंच त्यांनी सांगितलं होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या.

सिस्टर निवृत्त नर्स. एका मोठ्या रुग्णालयाच्या जळिताच्या वॉर्डात त्यांनी नोकरीची बहुतेक वर्षं काढलेली. लग्न केलेलं नव्हतं. का, ते मी विचारलं नाही आणि माझं का झालं नाही ते त्यांनीही विचारलं नाही. आमचं पटायचं त्याचं हे एक कारण असावं. अख्खी बिल्डिंग त्यांना सिस्टर म्हणायची. वडील गिरणीत होते, मूळ गाव मालवणच्या बाजूला. सगळं आयुष्य मुंबईत गेलं तरी राग आला किंवा काम मनासारखं झालं की त्यांची मालवणी बाहेर यायची. एरवी बोलणं तुटक, वॉर्डातलं. ऊठ. धर. हात लावू नको.

महिन्यातून दोनदा त्या गोराईच्या खाडीवरून होडीनं पलीकडे जायच्या आणि ओहोटीच्या वेळेला किनाऱ्यानं चालत राहायच्या. खांद्याला कापडी पिशवी, हातात छत्रीची काडी. समुद्रानं आणून टाकलेलं लाकूड त्या काडीनं उलटंपालटं करून बघायच्या. सुरूच्या फांद्या, तिवराची मुळं, कधी नारळाच्या बुंध्याचा खालचा, केसाळ भाग. पाण्यानं घासून घासून त्यांची सालं गेलेली असायची, कोपरे गेलेले असायचे आणि मऊ भाग कुजून निघून गेल्यामुळे मधे पोकळ्या पडलेल्या असायच्या. त्या पोकळ्यांसाठीच सिस्टर ती लाकडं आणायच्या. फुटक्या होडीची फळी मात्र त्या घेत नसत. मला वाटलं, कोकणातली माणसं, यात काहीतरी श्रद्धेचा भाग असणार. एकदा विचारलं तर म्हणाल्या, "रंग असतो गो तिला. विषारी. झाड मरतं."

घरी आणलेलं लाकूड आधी पिंपात जायचं. गोडं पाणी, दर तीन दिवसांनी बदललेलं, निदान तीन आठवडे. जिभेला खारट लागेनासं झालं की कडुलिंबाच्या उकळत्या पाण्यानं अंघोळ. मग गच्चीच्या जिन्यावर सावलीत, वर्तमानपत्रावर, महिना-दोन महिने. त्यानंतर सिस्टर खिडकीपाशी टेबलावर लाकूड घेऊन बसायच्या, आणि जुन्या टूथब्रशनं, ड्रेसिंगच्या चिमट्यानं त्याच्या चिरांमधली वाळू कणाकणानं बाहेर काढायच्या. एका लाकडाला चार-चार दिवस लागायचे. शेवटी अळशीच्या तेलाचा एक हात. करवत त्या वापरत नसत. जे आहे त्यात बसेल तेच बसवायचं, हा त्यांचा नियम. एखाद्या पोकळीत नारळाचं सोडण भरून त्यात नेचा, एखाद्या फाट्यावर मनीप्लांटची वेल, गावाहून कुणी आणून दिली असेल तर आंब्याच्या खोडावर वाढणारं ऑर्किड, सीतेची वेणी. आणि बहुतेक लाकडांत एका पोकळीत पत्र्याची छोटी वाटी बसवून तिच्यात घरी ओतलेली जाड मेणबत्ती.

बघणारा म्हणायचा, किती सुंदर. सिस्टर म्हणायच्या, "सुंदर-बिंदर नंतर. आधी कोरडं."

घाईबद्दलही त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. मी सकाळी ऑफिसला पळत निघाले, की त्या टेबलावरून मान वर न करता म्हणायच्या, घाई जंतूसारखी असते, हाताला लागते पण दिसत नाही. मग मी किल्ली विसरलेली असायची.

बिल्डिंगला हा उद्योग पसंत नव्हता. गच्चीच्या जिन्यावरच्या लाकडांनी सगळ्या इमारतीला वाळवी लागेल, अशी तक्रार घेऊन सोसायटीचे सेक्रेटरी एकदा वर आले. सिस्टरांनी त्यांना खुर्ची दिली, हातात भिंग दिलं, एकेक लाकूड त्यांच्यापुढे ठेवलं आणि सांगितलं, वाळवी दाखवा, दाखवलीत तर सगळी आजच जाळून टाकते. सेक्रेटरी भिडस्त गृहस्थ होते. त्यांनी खरोखरच अर्धा तास भिंगातून लाकडं बघितली. पुढच्या महिन्यात ते परत आले ते स्वतःच्या हॉलसाठी एखादं मिळेल का, हे विचारायला.

मिळणं सोपं नव्हतं. सिस्टर लाकूड विकत नसत, द्यायच्या. पण घर बघितल्याशिवाय देत नसत. हे ऐकून लोक हसायचे, आणि सिस्टर खरंच दारात उभ्या राहिल्या की गडबडायचे. एकदा अंधेरीच्या एका उंच इमारतीतलं जोडपं कुणाकडून तरी ऐकून आलं. त्यांना दिवाणखान्याच्या कोपऱ्यासाठी सर्वांत मोठं लाकूड हवं होतं. रविवारी सिस्टर मला घेऊन त्यांच्याकडे गेल्या. सव्विसावा मजला. सिस्टरांनी कोपरा बघितला, एसीचा झोत कुठे येतो ते हात धरून बघितलं, खिडकीचा पडदा बाजूला करून ऊन कुठवर येतं ते विचारलं. जोडप्याला ऊन कुठवर येतं ते माहीत नव्हतं. मग त्यांनी विचारलं, पाणी कोण घालणार? बाई म्हणाल्या की ते आमच्या ताई बघतील, त्या सगळ्याच झाडांचं बघतात.

ताई स्वयंपाकघरात भांडी पुसत होत्या. सिस्टर आत गेल्या आणि त्यांना विचारलं, घर कुठे, खिडकी आहे का, कुठल्या बाजूला. ताई म्हणाल्या, मानखुर्दला, सातव्या मजल्यावर, खिडकीतून खाडी दिसते. सिस्टर बाहेर येऊन त्या जोडप्याला म्हणाल्या, "पाणी त्याच घालणार असतील तर लाकूड त्यांच्याचकडे बरं." आणि पुढच्या रविवारी आम्ही ते सर्वांत मोठं लाकूड टॅक्सीत घालून मानखुर्दला पोचवून आलो. जोडप्याला राग आला असावा. सिस्टरांना त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही.

प्रत्येक लाकडाची नोंद एका लांबट वहीत असायची. कुणाकडे, कुठे टांगलं, खिडकी कुठल्या दिशेला, कुठलं झाड, मेणबत्ती आहे की नाही. वॉर्डातल्या केसपेपरसारखं अक्षर. वर्षातून एकदा त्या फोन करून चौकशी करायच्या. दोन घरांतून त्यांनी झाड मेलं म्हणून लाकूड परत आणल्याचं मला माहीत आहे.

मेणबत्तीच्या सूचना देताना त्या समोरच्याला उभं करून ऐकवायच्या. वाटीपासून बोटाचं एक पेर वर, मेणात एक टाचणी खुपसलेली असायची. मेणबत्ती जळत तिथवर आली की टाचणी सुटून पत्र्याच्या वाटीत पडते, आवाज होतो. टाचणी पडली की विझवायची. पुढे एक मिनिटही जाळायची नाही. कारण वाटी तापते, खालचं लाकूड सुकं असतं आणि तेल प्यायलेलं असतं. परत म्हणून दाखव, असं त्या खरोखर सांगायच्या, आणि मोठमोठी माणसं 'टाचणी पडली की विझवायची' असं म्हणून दाखवायची.

मी राहायला जाऊन दोन वर्षं झाली असतील. एका सोमवारी सकाळी मुलुंडहून फोन आला. तिथल्या एका घरात सासू-सासरे, मुलगा आणि सून राहायचे, सिस्टरांनी वर्षभरापूर्वी त्यांना लाकूड दिलं होतं. फोन सुनेचा होता. ती रडत नव्हती, भांडतही नव्हती; फक्त सांगत होती. आदल्या संध्याकाळी पाहुणे आले, मेणबत्ती लावली, मग सगळे पाहुण्यांना सोडायला खाली गेले आणि गप्पा मारत फाटकापाशी उभे राहिले. घरात सासरे एकटे होते. लाकडानं पेट घेतला, पडद्यानं घेतला. म्हाताऱ्यानं हातानं आपटून आपटून पडदा विझवला. उजवा पंजा आणि मनगट भाजलं होतं.

सिस्टरांनी फोन ठेवला, साडी बदलली आणि मला म्हणाल्या, "सुट्टी टाक." मी टाकली.

मुलुंडच्या घरात भिंतीवर माणसाएवढा काळा डाग होता. खाली फरशीवर अर्धं जळालेलं लाकूड तसंच पडलेलं होतं. त्याला हात लावायला कुणी धजलं नव्हतं. सिस्टर त्याच्याकडे न बघता आधी म्हाताऱ्यापाशी बसल्या. डॉक्टरांनी बांधलेली पट्टी त्यांनी सोडवली. सून म्हणाली, आजच बांधलीय, तरी त्यांनी सोडवली. हात उजेडात धरून बघितला, बोटं एकेक करून हलवायला लावली आणि पट्टी परत बांधली, आधीपेक्षा नीट. वरवरचं आहे, म्हणाल्या, तीन आठवडे. बोटं रोज हलवायची, दुखलं तरी. म्हातारा म्हणाला, तुमची चूक नाही हो, आम्हीच विसरलो. सुनेनंही तेच सांगितलं, टाचणीचं सगळं लक्षात होतं, पण पाहुण्यांच्या नादात विसरले.

मला वाटलं होतं, सिस्टर तिला रागावतील. त्यांनी एक जुनी चादर मागून घेतली, जळकं लाकूड तिच्यात गुंडाळलं आणि आम्ही निघालो.

लिंक रोडच्या बसमध्ये ते गाठोडं त्यांच्या मांडीवर होतं. जळल्याचा वास येत होता, पुढच्या सीटवरच्या माणसानं दोनदा मागे वळून बघितलं. मी समजुतीचं म्हणून म्हटलं की तुम्ही स्पष्ट सांगितलं होतं, दोष त्यांचा आहे. सिस्टरांनी गाठोड्याची गाठ आवळली.

"वॉर्डात अर्धी माणसं विसरल्यामुळे यायची," त्या म्हणाल्या. "दूध विसरलं, गॅस विसरला, इस्त्री विसरली. इतकी वर्षं तेच बघितलं. माणूस विसरतो हे मला माहीत नव्हतं का? माहीत असून दिली मी."

त्या रात्री त्या जेवल्या. नेहमीच्या वेळेला झोपल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी वही घेऊन बसल्या आणि लाल पेननं खुणा करत गेल्या. एकूण त्रेचाळीस लाकडं दिलेली होती, त्यांतल्या एकोणतिसांत मेणबत्ती होती. मुलुंडचं जळालं ते गेलं. बाकीच्या अठ्ठावीस घरांतून मेणबत्त्या काढून आणायच्या, असं त्यांनी ठरवलं. फोनवरून सांगून चालणार नाही का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, फोनवर लोक हो म्हणतात.

त्यानंतरचे चार महिने आमचे रविवार त्यातच गेले. मला घेऊन जाण्याचं कारण म्हणजे मला मोबाइलवर पत्ते शोधता येत. पिशवीत पक्कड, चिमटा, सोडणाचा भुगा आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली मनीप्लांटची कलमं. सिस्टर घरात शिरायच्या, पक्कडीनं पत्र्याची वाटी मेणबत्तीसकट उपटून पिशवीत टाकायच्या, रिकाम्या पोकळीत भुगा भरून कलम लावायच्या आणि वहीत ती ओळ खोडायच्या. चहाला थांबत नसत. मुलुंडला काय झालं ते मात्र प्रत्येक घरात सांगायच्या, आणि सांगताना 'माझ्या लाकडामुळे' असं म्हणायच्या.

सेक्रेटरींनी लगेच काढू दिली. एका घरात मेणबत्ती कधी पेटवलीच नव्हती, पेटवली तर संपेल म्हणून. तिच्यावर धूळ बसली होती आणि टाचणी गंजली होती. एकानं लाकूड बहिणीला देऊन टाकलं होतं, मग आम्ही बहिणीकडे नाहूरला गेलो. कांदिवलीच्या एका गृहस्थांनी ठाम नकार दिला. त्यांचं म्हणणं, मेणबत्तीशिवाय त्या लाकडाला शोभा नाही, आणि एकदा दिलेली वस्तू आमची, तुम्ही कोण काढणार. सिस्टरांनी वाद घातला नाही. भिंतीवरून अख्खं लाकूडच उतरवलं, काखेत मारलं आणि चालायला लागल्या. ते गृहस्थ लिफ्टपर्यंत मागे आले. मी त्यांना सॉरी म्हटलं. आता वाटतं, म्हणायची गरज नव्हती.

मानखुर्दच्या ताईंच्या घरी ते मोठं लाकूड अर्ध्या भिंतीवर पसरलं होतं आणि वेल छतापर्यंत गेली होती. मेणबत्तीच्या वाटीत त्यांनी बाळकृष्णाची छोटी मूर्ती बसवली होती. मेणबत्ती कधीच काढून टाकली, ताई म्हणाल्या, घरात लहान पोरं आहेत ना, सिस्टर. आमच्या सिस्टर त्या मूर्तीकडे बघत राहिल्या. "हिला कळलं," त्या जिना उतरताना मला म्हणाल्या, "न सांगता."

पुढची हकिगत इथेच सांगून टाकते. सिस्टरांनी त्यानंतर एकाही लाकडात मेणबत्ती बसवली नाही. लाकडं मात्र चालू राहिली. मी लग्न करून मुलुंडच्या अलीकडे राहायला गेले तेव्हा मलाही एक मिळालं, अर्थात घर बघून. पुढच्या वर्षी बोरिवलीची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आणि सिस्टर मालवणजवळ भावाच्या घरी राहायला गेल्या. तिथे समुद्र चालत जाण्याइतका जवळ आहे. फोन केला की पाऊसपाण्याचं बोलतात, माझ्या झाडाची चौकशी करतात आणि ठेवतात. व्हिडिओ कॉल त्यांना आवडत नाही. एकदाच केला होता, तोही माझ्या नेच्याची पानं पिवळी का पडली ते बघायला.

पण त्या चार महिन्यांतल्या शेवटच्या घराचं सांगायचं राहिलं.

वहीत पहिल्याच पानावर पहिली ओळ होती: शुभांगी, घाटकोपर. दिशा नाही, झाड नाही, फक्त मेणबत्ती. सिस्टरांनी सुरुवात दुसऱ्या ओळीपासून केली होती, हे माझ्या लक्षात आलं होतं. सत्तावीस घरं झाली तरी त्या पहिल्या ओळीचं नाव काढेनात. शेवटी एका रविवारी मीच विचारलं की घाटकोपर कधी. त्या म्हणाल्या, आज चल, आणि मेट्रोत बसल्यावर सांगायला लागल्या.

शुभांगी त्यांच्या वॉर्डात होती. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. कागदावर 'गॅस भडकला' असं लिहिलं होतं. सासरहून तिला बघायला कुणी आलं नाही, यावरून वॉर्डातल्या सगळ्यांना जे समजायचं ते समजलं होतं. पाच महिन्यांनी तिला सोडलं. ती घाटकोपरला आईकडे गेली आणि ब्लाउज शिवायला लागली. पण आगीजवळ जाईना. आई गॅस पेटवायला लागली की ही बाहेर गॅलरीत जाऊन उभी राहायची. पुढे आई आजारी पडली, तेव्हा शेजारणीनं डबा द्यायला सुरुवात केली. डबा किती दिवस चालणार? शुभांगी वॉर्डात सिस्टरांना भेटायला आली आणि म्हणाली, मला पेटवायला शिकवा.

"हातात मेणबत्ती दिली तर थरथरायची," सिस्टर म्हणाल्या. "तेव्हा माझ्याकडे गोराईचं एक लांब लाकूड होतं, असंच आणलेलं. त्याच्या त्या टोकाला मेणबत्ती लावली आणि हे टोक तिच्या हातात दिलं. ज्योत तिच्यापासून एक हात लांब. लांब अगरबत्तीनं पेटवायची. सहा महिने लागले."

ते पहिलं लाकूड. बाकीची सगळी त्याच्यानंतरची.

शुभांगीचं घर जिन्याजवळ, एक खोली आणि स्वयंपाकघर. आई वारली होती. दार तिनंच उघडलं. गळ्यापासून उजव्या गालापर्यंत कातडी ओढलेली, उजव्या हाताची दोन बोटं एकमेकांना चिकटलेली. मला बघून ती जराही बुजली नाही. माझ्याकडे बघत राहायचं की नाही, हा प्रश्न मलाच पडला होता. तिनं मशिनवरचे कपडे बाजूला करून आम्हाला बसायला जागा केली. लाकूड खिडकीखालच्या फळीवर होतं. त्याच्या टोकाला मेणबत्ती होती. वाटीभोवती एकही डाग नव्हता, मेणाचा ओघळसुद्धा नव्हता.

सिस्टरांनी मुलुंडचं सगळं सांगितलं. शुभांगीनं मधे न बोलता ऐकून घेतलं, म्हाताऱ्याच्या हाताचं विचारलं. मग सिस्टरांनी पिशवीतून पक्कड काढली.

"नका काढू, सिस्टर," शुभांगी म्हणाली.

सिस्टर म्हणाल्या की सगळ्यांकडची काढली, एकीची ठेवून चालणार नाही. वाटलं तर दुसरं चांगलं झाड लावून देते.

"मी रोज लावते. अकरा वर्षं झाली. एक दिवस विसरले नाही," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "ज्यांना विझवता येत नाही त्यांच्याकडची काढा ना. मला येतं."

सिस्टर पक्कड हातात धरून उभ्या होत्या. त्यांना असं उभं राहिलेलं मी त्याआधी बघितलं नव्हतं. त्यांच्या हाताला नेहमी पुढचं काम माहीत असायचं.

शेवटी त्या खाली बसल्या. "लावून दाखव," म्हणाल्या.

संध्याकाळ होत आली होती. शुभांगीनं आधी कुकर लावला. लायटरनं गॅस पेटवला, आणि सिस्टरांची मान तिकडे वळली. मग तिनं काडी ओढून मेणबत्ती लावली. रोज असंच करते, ती म्हणाली; भात होईपर्यंत जळते, मग बंद. आम्ही तिघी बसून राहिलो. शुभांगी कुठल्याशा गिऱ्हाइकाच्या ब्लाउजच्या गळ्याबद्दल बोलत होती. सिस्टर ऐकत होत्या की नव्हत्या, सांगता येत नाही. त्या ज्योतीकडे बघत होत्या.

तिसरी शिट्टी झाली. शुभांगी उठली, गॅस बंद केला, खिडकीपाशी आली. उजव्या हाताचा अंगठा आणि ती चिकटलेली बोटं तिनं जिभेला लावून ओली केली, आणि वात चिमटीत धरली. बारीकसा आवाज झाला. धूरसुद्धा फार आला नाही. तिनं बोटं ओढणीला पुसली आणि विचारलं, भात खाऊन जाणार ना?

आम्ही जेवलो. वरण, भात, बांगड्याचं तिखलं. कुणाच्याही घरी चहाला न थांबणाऱ्या सिस्टरांनी भात दोनदा मागून घेतला. निघताना त्यांनी पक्कड पिशवीत टाकली. वहीतली पहिली ओळ खोडली नाही.

घाटकोपरला मेट्रोत आम्हाला शेजारी-शेजारी जागा मिळाली. जागृतीनगर गेलं, असल्फा गेलं. साकीनाका जवळ आलं तेव्हा सिस्टर म्हणाल्या,

"बोटांनी विझवली तिनं. बघितलंस?"

मी म्हटलं, बघितलं.

"मी नाही शिकवलं ते," सिस्टर म्हणाल्या. "मी फुंकायला शिकवलं होतं. लांबून."